मतदार यादीत छापलेला घरचा पत्ता : एका परिचारिकेच्या प्रकरणाचा अभ्यास

परिचारिकेचं नाव नोंदवहीत असतं ते तिची पात्रता कुणालाही तपासता यावी म्हणून. त्याच नोंदवहीतून तिच्या राहत्या घराचा दरवाजा एखाद्याला सापडला तर काय करायचं, याचं हे प्रकरण आहे.

वैशाली हे बदललेलं नाव. तिचं मूळ गाव, नोकरीचं शहर, ते राज्य, तिथली परिचर्या परिषद (परिचारिकांची नोंदणी करणारी संस्था) आणि रुग्णालय यांची नावं दिलेली नाहीत. काही खुणाही मुद्दाम बदलल्या आहेत. कायदे आणि कलमं मात्र आहेत तशीच आहेत. नर्सिंग स्कूलमध्ये मी तिची ट्यूटर होते. त्यामुळे पहिला फोन मला आला आणि पुढचे बहुतेक अर्ज माझ्यासमोर तयार झाले. हे लिहायला तिची संमती आहे आणि मजकूर तिने वाचला आहे.

पार्श्वभूमी

वैशालीने २०११ साली महाराष्ट्रात जीएनएम (परिचर्येची पदविका) पूर्ण केलं आणि नोंदणीही इथेच झाली. लग्नानंतर ती जिल्ह्याच्या गावी एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स होती. घरात मारहाण होती. २०१९ मध्ये ती माहेरी निघून आली, पण माहेर आणि सासर एकाच तालुक्यात. नवरा रुग्णालयाच्या गेटवर, एसटी स्टँडवर, माहेरच्या दारात येऊन उभा राहू लागला. तिने कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली अर्ज केला आणि शेजारच्या राज्यात जायचं ठरवलं.

इथे एक निर्णय फार विचारपूर्वक झाला होता. या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बाई तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो. म्हणजे प्रकरण नव्या शहरात चालवता आलं असतं. वकीलबाईंनी ते जुन्याच तालुक्यात ठेवलं, कारण नव्या शहरातून नोटीस निघाली असती तर शहराचं नाव तिथेच उघड झालं असतं. कागदपत्रांवर पत्ता वकिलांच्या कार्यालयाचा. वैशाली तारखांना यायची ती आदल्या रात्री मुक्कामाला नातेवाइकांकडे, म्हणजे परतीचा रस्ता कुणाच्या लक्षात येऊ नये.

नोंदणीच्या बाबतीत असं काही करता येत नव्हतं. परिचारिकेला राज्य बदलून काम करायचं तर मूळ परिषदेकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि नव्या राज्याच्या परिषदेत पुन्हा नोंदणी करावी लागते. फॉर्ममध्ये कायमचा पत्ता, पत्रव्यवहाराचा पत्ता, मोबाईल, ईमेल, जन्मतारीख, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पूर्वीची परिषद आणि तिथला नोंदणी क्रमांक, सगळं भरायचं. आडनाव बदलून उपयोग नसतो, कारण नोंदणी प्रमाणपत्रावरच्या नावाने होते. वैशालीने सगळं खरं लिहिलं. खोटं लिहिणं म्हणजे नोंदणी धोक्यात घालणं, आणि नोंदणी गेली की पोट गेलं. पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून तिने भाड्याच्या खोलीचा पत्ता दिला : घर नंबर १७ बी, मागची खोली, द्वारा घरमालकीणबाईंचं नाव.

काय घडलं

२०२२ मध्ये एक दिवस स्पीड पोस्टाने पाकीट आलं. आत नवऱ्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती. मजकूर सांगण्यासारखा नाही. त्यानंतर अनोळखी नंबरांवरून फोन सुरू झाले. पुढच्या आठवड्यात तो स्वतः आला आणि घरमालकीणबाईंना म्हणाला, “मी तिचा भाऊ.” बाईंना वैशालीने पहिल्याच दिवशी सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी दार उघडलं नाही आणि “इथे असं कोणी राहत नाही” म्हणून सांगितलं. वैशाली त्या रात्री रुग्णालयाच्या हॉस्टेलवर गेली.

पत्ता फुटला कुठून? पहिला संशय माहेरच्या माणसांवर गेला. भावाशी कडाक्याचं भांडण झालं, बोलणं बंद झालं. मग तिने पाकीट पुन्हा नीट पाहिलं. घर नंबर “१७८” लिहिला होता. तिच्या घराचा नंबर १७ बी. पोस्टमनने घरमालकीणबाईंच्या नावावरून टपाल बरोबर पोचवलं होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ओळखीच्या कुणीही पत्ता सांगितला असता तर १७ बी सांगितला असता. हाताने लिहिलेला इंग्रजी बी कुणालातरी आठ वाटला होता, आणि तिने हा पत्ता हाताने एकाच ठिकाणी लिहिला होता : परिषदेच्या फॉर्मवर.

तिने स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव इंटरनेटवर टाकून पाहिलं. वरच्याच निकालांत एक पीडीएफ होती. परिषदेच्या निवडणुकीसाठी नोंदवहीवरून केलेली मतदार यादी, शेकडो पानांची. प्रत्येक ओळीत नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, नोंदणी क्रमांक, पूर्वीची परिषद आणि क्रमांक, पूर्ण पत्ता, मोबाईल. तिच्या ओळीत घर नंबर १७८.

महाराष्ट्रातला तिचा जुना नोंदणी क्रमांक नवऱ्याला माहीत होता, लग्नाआधीची प्रमाणपत्रं त्याच्याच घरात राहिली होती. एकाच नावाच्या दहा वैशाली यादीत असल्या तरी जुन्या क्रमांकाच्या रकान्यावरून नेमकी ही शोधायला मिनिटही लागलं नसतं.

खरी अडचण कुठे होती

परिषदेत फोन केला तेव्हा क्लार्कने सांगितलं, “मॅडम, नोंदवही कायद्याने सार्वजनिक आहे.” हे वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळेच पुढचे कित्येक महिने गेले.

परिचारिकांची नोंदवही उघडी असलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. बोगस नर्सिंग प्रमाणपत्रं विकली जातात. अनेक छोट्या रुग्णालयांत नोंदणी नसलेल्या मुली पांढरा कोट घालून सलाईन लावतात. सलाईन लावणाऱ्या बाईची नोंदणी आहे का, चालू आहे का, निलंबित आहे का, हे कुणालाही विचारता आलं पाहिजे आणि उत्तर मिळालं पाहिजे. त्यासाठी नाव, क्रमांक, पात्रता, वैधता आणि शिस्तभंगाची स्थिती लागते. ती कुठल्या गल्लीत, कुणाच्या मागच्या खोलीत झोपते, हे लागत नाही.

पत्ता नोंदवहीत असतो तो परिषदेला पत्र पाठवता यावं म्हणून. आपल्याकडच्या कायद्यांत हे दोन हेतू एकाच वहीत बांधलेले आहेत. डॉक्टरांचंच पाहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३१ मध्ये राष्ट्रीय नोंदवहीत नाव, पत्ता आणि पात्रता असावी असं म्हटलंय आणि ती संकेतस्थळावर ठेवावी असंही म्हटलंय. डॉक्टरचा पत्ता बहुतेक वेळा दवाखान्याचा असतो, ते चालून जातं. स्टाफ नर्सला दवाखाना नसतो. तिचा पत्ता म्हणजे तिचं घर, हॉस्टेल किंवा भाड्याची खोली. शिवाय या पेशात बहुसंख्य बायका आहेत, आणि रात्रपाळी करून एकट्या घरी जाणाऱ्या आहेत.

त्या राज्याच्या निवडणूक नियमांत मतदार यादी “प्रसिद्ध करावी” एवढाच शब्द होता. नियम कार्यालयाच्या नोटीस बोर्डाच्या काळातले. बोर्डावर लावलेली यादी पाहायला माणसाला राजधानीपर्यंत जावं लागायचं. तीच यादी शोधयंत्राला वाचता येईल अशा पीडीएफमध्ये टाकली की ती दुसरीच वस्तू होते, आणि हा फरक कुणी मनावर घेतला नव्हता.

समोर आलेले पर्याय

वैशाली, वकीलबाई, परिचारिका संघटनेच्या एक कार्यकर्त्या आणि मी, असं चौघींनी बसून ठरवायचं होतं.

घर बदलून गप्प बसणं हा सगळ्यात सोपा मार्ग. पण पत्ता बदलला की परिषदेला कळवायचं बंधन असतं. म्हणजे नवा पत्ताही त्याच रजिस्टरात जाणार आणि पुढच्या यादीत छापला जाणार.

उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट याचिका. पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आहे. सरकारी कृतीला कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि हेतूच्या मानाने घाला बेताचा हवा, या कसोट्या त्यात आहेत. कसोट्या आमच्या बाजूने होत्या. अडचण पैशाची, वेळेची आणि पुन्हा तारखांना हजर राहण्याची. हा मार्ग राखून ठेवायचा ठरला.

माहिती तंत्रज्ञान कायदा इथे उपयोगाचा नव्हता. कलम ४३अ आणि २०११ चे नियम कंपन्यांना लागू होतात, वैधानिक परिषदेला नाही. त्या नियमांतल्या “संवेदनशील माहिती”च्या व्याख्येत घरचा पत्ता बसतही नाही. ज्या बाईचा जीव पत्त्यामुळे धोक्यात आलाय तिला हे समजावून सांगणं अवघड गेलं.

सगळ्यात जास्त वाद झाला तो वर्तमानपत्रांत जाण्यावरून. संघटनेच्या ताईंचं म्हणणं, बातमी आली की परिषद दुसऱ्या दिवशी यादी उतरवेल. त्यांचा अनुभव तसा होता आणि त्यांचा राग खरा होता. पण यादी अजून उघडी होती. बातमी वाचून जो तो ती उघडून बघणार, उतरवून घेणार, ग्रुपवर टाकणार. त्या यादीत हजारो परिचारिका होत्या, आणि त्यांच्यात घर सोडून आलेली वैशाली एकटीच असेल असं मानायला जागा नव्हती. फाईल उतरल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही, असं ठरलं. ताईंना ते पटलं नाही, पण त्यांनी शब्द पाळला. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मी हाच मानते.

दुसरा प्रश्न मागणी कशाची करायची हा होता. फक्त वैशालीची ओळ काढा म्हटलं तर काम लवकर होण्याची शक्यता होती. पण मधलाच एक अनुक्रमांक गायब झाला की तो रिकामा क्रमांकच सांगतो की इथे कुणीतरी लपलंय. आणि जुनी यादी ज्याच्याकडे आहे त्याला तो क्रमांक भरून काढता येतो. वैशालीने स्वतःच सांगितलं, “मॅडम, माझं तर त्याला कळलंच आहे. ज्यांचं अजून कळलं नाही त्यांच्यासाठी मागू.” मग मागणी दोन भागांत केली : फाईल ताबडतोब उतरवा, आणि पुन्हा टाकाल तेव्हा पत्ता, मोबाईल, वडील-पतीचं नाव आणि पूर्वीचा क्रमांक हे रकाने वगळा.

काय केलं

आधी पुरावा. पीडीएफ उतरवून घेतली, पानाचा पत्ता आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घेतले, पाकिटावरचा टपालाचा शिक्का नीट दिसेल असा फोटो काढून मूळ पाकीट वकीलबाईंकडे दिलं. फाईल उतरल्यावर ती तिथे होती हे सिद्ध करणं कठीण जातं, म्हणून हे परिषदेला पहिलं पत्र जाण्याआधी केलं.

मग पोलीस. शहरातल्या ठाण्यात भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ड खाली, म्हणजे पाठलागाबद्दल, तक्रार दिली. (१ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे.) ठाण्यात आधी “नवराच ना?” असं विचारलं गेलं. चालू खटल्याचे कागद समोर ठेवल्यावर तक्रार घेतली. जुन्या न्यायालयात वकीलबाईंनी कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खालचा संरक्षण आदेश वाढवून घेतला : फोन, पत्र, संदेश कशानेही संपर्क साधायचा नाही, कामाच्या ठिकाणी यायचं नाही. आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आदेशाची प्रत बंद लिफाफ्यात घालून अर्ज परिषदेच्या रजिस्ट्रारांकडे गेला. लिफाफ्यावर “फक्त रजिस्ट्रार यांनी उघडावा” असं लिहिलं होतं, नाहीतर आवक-जावक टेबलावरच तो चार जणांनी वाचला असता.

सोबत माहिती अधिकाराचा एक छोटा अर्ज केला. त्यात प्रश्न एकच : मतदार यादीत मोबाईल, वडील-पतीचं नाव आणि पूर्वीचा नोंदणी क्रमांक कोणत्या नियमाच्या आधारे छापला? अर्ज संघटनेच्या नावाने, संघटनेच्या कार्यालयाच्या पत्त्यावरून, ताईंच्या सहीने. वैशालीचं नाव कुठेही नव्हतं. माहिती अधिकाराच्या अर्जदाराचा पत्ता फक्त संपर्कासाठी असतो आणि पोस्ट बॉक्स नंबरही चालतो, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्येच म्हटलं होतं. तोच युक्तिवाद आम्ही परिचारिकांच्या पत्त्यासाठी रजिस्ट्रारांकडच्या अर्जात वापरला.

उत्तर मुदतीत आलं, आणि तेच निर्णायक ठरलं. असा कोणताही नियम उपलब्ध नाही, यादी मागील निवडणुकीच्या नमुन्याप्रमाणे तयार केली, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे ज्याला कायदा म्हणत होते ती सवय होती.

रजिस्ट्रारांची भेट त्यानंतर झाली. त्यांच्याबद्दल इथे नीट लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण त्यांची अडचण पोकळ नव्हती. निवडणूक टपाली मतपत्रिकेने होते. मतपत्रिका घरच्या पत्त्यावर जातात. पूर्वीच्या एका निवडणुकीत शेकडो मतपत्रिका एकाच नर्सिंग कॉलेजच्या पत्त्यावर गेल्याची तक्रार होती. ते उघडकीला आलं ते उमेदवारांना पत्ते दिसत होते म्हणूनच. “पत्ते झाकले तर उद्या हेच उमेदवार कोर्टात जाऊन म्हणतील, परिषदेने घोटाळा लपवला,” असं ते म्हणाले. या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय आमची मागणी पुढे सरकणार नव्हती.

त्याच टेबलावर एक मधला मार्ग निघाला. संकेतस्थळावर नाव, नोंदणी क्रमांक आणि जिल्हा एवढंच राहील. पूर्ण यादी उमेदवाराला कार्यालयात, ओळखपत्र दाखवून, रजिस्टरवर सही करून, दुसऱ्या कामासाठी वापरणार नाही असं लिहून देऊन पाहता येईल. फोटो काढायचा नाही. आणि एकाच पत्त्यावर ठरावीक संख्येपेक्षा जास्त मतपत्रिका जात असतील तर तो पत्ता आणि संख्या, नावांशिवाय, परिषद स्वतः जाहीर करील. घोटाळा शोधायला हा शेवटचा तक्ता शेकडो पानांच्या यादीपेक्षा जास्त कामाचा आहे.

आपल्याकडे याला आधारही आहे. निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये विधानसभेच्या मतदार याद्या शोधता येणाऱ्या मजकुराऐवजी चित्राच्या रूपात टाकायला सुरुवात केली. सर्वोच्च न्यायालयासमोर त्यावर वाद झाला आणि त्याच वर्षी न्यायालयाने आयोगाचं म्हणणं मान्य केलं. बाहेरच्या देशांतली उदाहरणंही जोडली. ब्रिटनमध्ये परिचारिकेची नोंदणी कुणालाही ऑनलाइन तपासता येते, घरचा पत्ता दिसत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी १९९५ पासून आरोग्य व्यावसायिकाचा घरचा पत्ता आणि फोन आपोआप झाकला जातो, तिने स्वतः सांगितलं तरच उघड होतो. कॅनडातल्या ऑन्टारियोत नोंदवहीत कामाच्या ठिकाणचा पत्ता असतो आणि कुणाच्या सुरक्षिततेला धोका वाटला तर तोही रोखायचा अधिकार रजिस्ट्रारला कायद्याने दिलेला आहे. आपल्या कित्येक मुली या देशांत काम करतात, आणि या तीन ठिकाणी घरचा पत्ता झाकून ठेवा असं त्यांना मागावं लागत नाही.

फाईल उतरली, पण उतरली नव्हती

काही आठवड्यांनी परिषदेचं पत्र आलं : यादी संकेतस्थळावरून काढली आहे. संकेतस्थळावर पाहिलं तर दुवा खरंच गेला होता. वैशालीने मात्र जपून ठेवलेला फाईलचा थेट पत्ता टाकून पाहिला, आणि शेकडो पानं पूर्वीसारखीच उघडली. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या कंत्राटदाराने पानावरची ओळ पुसली होती, फाईल सर्व्हरवर तशीच होती. शोधयंत्रातून येणाऱ्याला तर काहीच फरक पडला नव्हता.

पुन्हा पत्र, पुन्हा फोन. या वेळी पत्रात फाईलचा पूर्ण पत्ता लिहिला आणि “हा पत्ता उघडल्यावर फाईल सापडत नाही असा संदेश आला पाहिजे” असं स्पष्ट लिहिलं. तेव्हा काम झालं. त्यानंतरही गूगलच्या निकालात नावाखाली पत्त्याचा तुकडा दिसत राहिला. कालबाह्य मजकूर काढून टाकण्याची गूगलची एक सोय आहे, तिच्यातून विनंती केल्यावर तो गेला. मूळ फाईल जिवंत असताना ही सोय चालत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा.

एका खाजगी डिरेक्टरी संकेतस्थळाने मधल्या काळात यादी उचलून स्वतःकडे चढवली होती. त्यांना लिहिलेल्या पत्राला उत्तर आलं नाही. गूगलने एप्रिल २०२२ मध्ये माणसाचा पत्ता-फोन दाखवणारे निकाल वगळण्याची विनंती स्वीकारायला सुरुवात केली होती, तिचा उपयोग इथे झाला. सरकारी संकेतस्थळावरच्या नोंदींना ही विनंती सहसा लागू पडत नाही, म्हणून आधी परिषदेशी झगडणं भागच होतं. परदेशी नोकऱ्यांच्या एजंटांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरलेल्या प्रती परत आणण्याचा मार्ग कुणाकडेच नाही.

रुग्णालयाने काय केलं

हा भाग छोटा आहे, पण वैशालीला रात्री झोप लागली ती यामुळे. अधिसेविका मॅडमनी तिला बोलावून घेतलं आणि दोन गोष्टी सगळ्याच स्टाफसाठी बदलल्या. छातीवरच्या बिल्ल्यावर पूर्ण नावाऐवजी पहिलं नाव आणि कर्मचारी क्रमांक. आणि रिसेप्शनला ठरवून दिलेलं एक वाक्य : “ड्यूटीची माहिती फोनवर देत नाही, निरोप ठेवा.” त्याआधी कुणीही फोन करून “अमुक सिस्टर आज नाईटला आहेत का?” विचारलं की ऑपरेटर वेळापत्रक बघून सांगत असे. परिषदेकडे वैशालीचा पत्रव्यवहाराचा पत्ता आता रुग्णालयाच्या नर्सिंग कार्यालयाचा आहे. रुग्णालयाने तसं लेखी पत्र दिलं.

निष्पत्ती

नवऱ्याने न्यायालयात संपर्क करणार नाही असं लिहून दिलं आणि अजूनपर्यंत तो पाळतोय. वैशालीने खोली बदलली. भावाशी बोलणं सुरू झालं, तरी तो संशय दोघांच्या मनातून पूर्ण गेला आहे असं मला वाटत नाही.

परिषदेने रकाने वगळलेली यादी टाकली. पण हे रजिस्ट्रारांच्या कार्यालयीन आदेशाने झालं, नियम बदलून झालं नाही. नवे रजिस्ट्रार आले की आदेश बदलू शकतो.

काय वेगळं करता आलं असतं

फॉर्ममध्ये सुरुवातीलाच एक रकाना हवा होता : यातला कोणता पत्ता उघड करायचा? एका चौकटीवर खूण करायला जागा दिली असती तर वैशालीने २०२० मध्येच नोकरीचं ठिकाण लिहिलं असतं. परिषदेला पत्र पोचल्याशी मतलब होता, ते नर्सिंग कार्यालयातही पोचलं असतं. हे आजही कुठलीही परिषद कायदा न बदलता करू शकते.

ना हरकत प्रमाणपत्र घेऊन राज्य बदलणाऱ्या प्रत्येक परिचारिकेला परिषदेने विचारायला हवं की सुरक्षिततेचं काही कारण आहे का. राज्य बदलण्यामागे बदली, लग्न, पगार ही कारणं असतात, तसंच हेही असतं.

माहिती अधिकाराचा अर्ज पहिल्या पत्रासोबत न जाता त्याच्याही आधी, पुरावा गोळा केल्याबरोबर गेला असता तर जास्त बरं. “नियम नाही” हे लेखी हातात आल्यावरच कार्यालयाचा सूर बदलला. जीविताचा प्रश्न असेल तर कलम ७(१) प्रमाणे माहिती ४८ तासांत मागता येते. मात्र त्यासाठी धोका कुणाला आहे हे उघड करावं लागलं असतं, आणि वैशालीचं नाव अर्जात नको म्हणून ती तरतूद वापरली नाही. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

बिल्ला आणि रिसेप्शनचं वाक्य यांना कुणाची परवानगी लागत नाही. कुठल्याही रुग्णालयाने असं काही घडायची वाट पाहू नये.

आता कायदा कुठे आहे

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. हा कायदा पूर्णपणे लागू झाल्यावर असं प्रकरण घडलं तर तो थेट कामी येईल, असं पुष्कळांना वाटतं. पण कलम ३ मध्ये एक अपवाद आहे : कायद्याने जी माहिती सार्वजनिक करायचं बंधन आहे ती या कायद्याच्या कक्षेबाहेर. म्हणजे लढाई पुन्हा तिथेच येते. “पत्ता प्रसिद्ध करा” असं कुठला नियम खरंच म्हणतो का, हे आधी विचारावं लागेल. मोबाईल आणि जुना क्रमांक यांच्यासारखं नियमात नसलेलं छापलं असेल तर अपवादाचा आधार परिषदेला घेता येणार नाही.

याच कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ज) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा खाजगीपणावर नाहक घाला येतो हे दाखवावं लागायचं. आता माहिती वैयक्तिक आहे एवढं म्हणणं पुरतं. जनहिताचं कारण दाखवून कलम ८(२) खाली ती मागता येते, पण ओझं मागणाऱ्यावर येतं. मला याची काळजी वाटते. रुग्णाच्या मुलाने “या सिस्टरची नोंदणी चालू आहे का, तिच्यावर कारवाई झाली होती का” असं विचारलं आणि परिषदेने “वैयक्तिक माहिती” म्हणून नाकारलं, तर वैशालीसारख्यांच्या नावाने बोगस नर्सेसना आडोसा मिळेल. तिचा अर्ज करताना आम्ही नाव, क्रमांक, पात्रता आणि वैधता उघडीच राहावी असं मुद्दाम लिहिलं होतं. संघटनेने आता परिषदेकडे निवडणूक नियमांतच दुरुस्ती मागितली आहे. तिच्यात काय झाकायचं याच्याआधी काय कधीच झाकायचं नाही त्याची यादी आहे. पुढच्या निवडणुकीची अधिसूचना निघण्याआधी ती दुरुस्ती मंजूर व्हायला हवी, नाहीतर यादी छापताना कुणीतरी पुन्हा मागच्या निवडणुकीचा नमुना शोधेल, आणि कार्यालयातल्या संगणकावर जुनी फाईल अजून आहे.